दुसरी खेप पडता कामा नये

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बँकेत रांग लांब, मॅनेजरांना काउंटर लवकर रिकामं हवं, विम्याचं टार्गेट डोक्यावर, आणि एखाद्याशी नीट बोलायला जावं तर मागचे ओरडतात. कुणाचं ऐकू, असं विचारतेस. काउंटरपलीकडे उभा आहे त्याचं. त्याच्याशी गोड बोल, हे सांगायला मी लिहीत नाही. गोड बोलून 'उद्या या' म्हणणारे पुष्कळ पाहिलेत. माझं म्हणणं एकच: त्याला दुसरी खेप पडता कामा नये.

तू लिहिलंस त्या बाईंचंच घे. नवरा गेला, त्याची ठेव काढायला आल्या, आणि शेजारच्या टेबलावरून 'कोर्टाचा वारस दाखला आणा' एवढंच ऐकून परत गेल्या. सांगणारे सीनियर, म्हणून तू गप्प बसलीस. अगं, स्क्रीनवर नॉमिनी कोण ते बघायला कितीसा वेळ लागतो? त्याच नॉमिनी असतील तर मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म आणि त्यांचं ओळखपत्र यावर काम व्हायला हवं. नॉमिनी असेल तिथे कोर्टाच्या वारस दाखल्याचा आग्रह धरू नका, कागद पूर्ण झाले की १५ दिवसांत पैसे द्या, असं रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच बँकांना कळवलंय. आणि आपण एका बाईला एसटीचं भाडं घालून, दिवसाची मजुरी बुडवून कोर्टात वकील शोधायला पाठवतो!

नोव्हेंबरातही हेच. हयातीचा दाखला घेऊन आलेल्या पेन्शनरला म्हणायचं, 'तुमचं खातं दुसऱ्या शाखेत, तिकडे जा.' पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कुठल्याही शाखेत तो दाखला देता येतो. घे, नोंद कर आणि सहीची पोच दे. पुढे पेन्शन अडकली तर दाखवायला त्या माणसाकडे तेवढाच कागद असतो.

खेप फक्त ग्राहकालाच पडते असं नाही. रजेवर जाताना अर्धवट काम चिठ्ठी न लावता टेबलावर सोडलंस, तर तुझ्या जागी बसणारा काय सांगणार? 'मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या.' शिव्या तो खाणार, खेप ग्राहकाला पडणार, आणि तू परत आलीस की दोघांत अबोला. शाखेतली भांडणं बहुतेक अशीच सुरू होतात.

माझी रांग हळू सरकते, असं मला तोंडावर ऐकवलं गेलं. बरोबरचे मोठ्या शाखांवर गेले. मी काउंटरवरच राहिले. सल आहे, नाही कशाला म्हणू? मुलांच्या फीच्या वेळी तर फार टोचली. पण माझ्याकडून गेलेला माणूस त्याच कामासाठी पुन्हा रांगेत दिसत नसे. परत आलेला प्रत्येक माणूस रांगच वाढवतो, हे वरच्यांनी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर माझी रांग सगळ्यांत वेगवान निघाली असती. आजही मी हे कुणासमोरही म्हणेन.

तू मात्र जेएआयआयबीचा, त्या बँकिंगच्या परीक्षेचा, अभ्यास सोडू नकोस. वरच्या खुर्चीवर असा हट्ट धरणारं कुणीतरी हवंय.

आता उद्याचं काम. त्या ठेवीवर नॉमिनी बघ. मॅनेजरांना सांगून बाईंना फोन लाव, काय काय आणायचं ते एकदाच, पूर्ण सांग. त्या येतील तेव्हा क्लेम तूच घे. सीनियर रागावतील. रागावू देत.

तुझी,
मावशी