कॉइलओव्हर बसवले, अलाइनमेंट राहिली, क्लेम नाकारला

प्रश्न : माझ्या छोट्या हॅचबॅकला मी स्वतः विकत घेतलेले कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर) एका गॅरेजमधून बसवून घेतले. गाडी साधारण 40 मिलिमीटर खाली आली. ‘स्प्रिंग बसू द्यात, अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळवणी) नंतर करू’ असे गॅरेजवाले म्हणाले आणि ते राहूनच गेले. तीन महिन्यांत पुढच्या टायरांच्या आतल्या कडा गुळगुळीत झाल्या. परवा पावसात वळणावर गाडी घसरून दुभाजकावर आदळली. विमा कंपनीने ‘अनधिकृत बदल’ म्हणून क्लेम नाकारला. गॅरेजवाले म्हणतात, मूळ स्प्रिंग परत बसवून देतो, मग पुन्हा अर्ज करा. काय करावे?

उत्तर : मूळ स्प्रिंग बसवू नका. नुकसान पाहायला आलेल्या सर्व्हेअरने फोटो काढलेले असणार. फोटोत खाली बसलेली गाडी दारात अचानक वर आलेली दिसली, तर तुमच्या पुढच्या एकाही शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय ज्याच्याविरुद्ध पुरावा लागणार, त्याच्याच हाताने तो पुसला जाईल. सल्ला आपुलकीने दिलाही असेल, पण त्यात सोय कुणाची आहे हे ओळखा.

खरा पेच वेगळाच आहे. विमा कंपनीला तुम्ही सांगणार की अपघाताचा कॉइलओव्हरशी संबंध नाही. गॅरेजला सांगणार की तुमच्या कामामुळेच अपघात झाला. दोन्ही गोष्टी शपथपत्रावर आल्या की समोरचे वकील तुमचे एक शपथपत्र दुसऱ्यासमोर ठेवतील. म्हणून नोटिसा पाठवण्याआधी एकच म्हणणे ठरवा. ते खरेही असले पाहिजे. सुदैवाने तसे म्हणणे तुमच्याकडे आहे.

गाडी खाली आली की खालचा आर्म (चाक धरून ठेवणारा दांडा) आणि टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) यांचे कोन बदलतात. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, थोडा आत जातो, पण टायर खातो तो मुख्यतः बिघडलेला टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन. चाके समांतर न धावता रस्त्यावर तिरकी घासत राहतात. कडेची नक्षी गेली की पाणी बाहेर फेकले जात नाही आणि ओल्या वळणावर पकड सुटते. म्हणजे दोष पार्टचा नाही, राहिलेल्या जुळवणीचा आहे. मोठ्या खड्ड्यात आपटलेल्या, मूळ स्प्रिंगच्या गाडीचाही टो असाच बिघडतो. हे म्हणणे दोन्हीकडे टिकते, मात्र त्याला आकडे हवेत. ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून गाडी आहे त्या अवस्थेत तपासून घ्या : दोन्ही बाजूंची उंची, शक्य असेल तर टो आणि कॅम्बर, आर्मच्या बुशची (रबरी सांध्याची) स्थिती. चाके हवेत लोंबत असताना बुशचे बोल्ट आवळले असतील तर रबर पिळलेले सापडेल, आणि ती बसवणीतली ठळक चूक आहे. धडकेने वाकलेले काय आणि आधीपासून बिघडलेले काय, हे अहवालात वेगळे लिहून घ्या. नाहीतर विमा कंपनी सगळेच आधीचे म्हणेल आणि गॅरेज सगळेच धडकेचे.

आता तुमची कच्ची बाजू. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि 9 जानेवारी 2019 च्या के. जयचंद्र निकालात सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत कडक भूमिका घेतली. ते प्रकरण स्प्रिंगचे नव्हते आणि सस्पेन्शन बदलल्याने गाडीचे ‘मूलभूत स्वरूप’ बदलते का, यावर वाद घालता येतो. पण ‘आरसीवर उंची लिहिलेलीच नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. बदल बेकायदा ठरला तर कलम 182अ(4) खाली प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही बदल सापडला म्हणून ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम आपोआप बुडत नाही. नकाराचे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. पॉलिसीतल्या अटीचा भंग झाला तरी अमलेंदू साहू प्रकरणात (2010) सर्वोच्च न्यायालयाने ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर, म्हणजे पूर्ण न देता काही भाग कापून, 75 टक्के रक्कम द्यायला लावली होती. तिथला भंग वेगळा होता, खाजगी गाडी भाड्याने दिल्याचा, पण तडजोडीच्या बोलणीत हा आकडा कामाला येतो. गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट मात्र पॉलिसीत असतेच. टायर झिजलेले दिसत असताना का चालवली, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. तयार राहा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : कॉइलओव्हर आधी की पॉलिसीचे नूतनीकरण आधी? नूतनीकरणाच्या अर्जात बदलांबद्दल विचारले होते आणि तुम्ही ‘नाही’ लिहिले असेल, तर माझे वरचे बरेचसे म्हणणे लटके पडते.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागा, सर्व्हे अहवालाची प्रत मागा. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथली मुदत एक वर्षाची, पण तोच वाद ग्राहक आयोगात नेलात तर लोकपालाचे दार बंद होते. गॅरेजविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत करावी लागते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. बिलावर ‘अलाइनमेंट’ हा शब्द नसेल तर ‘नंतर करू’ हे संभाषण मेसेजमध्ये शोधा. पार्ट विकणाऱ्याला ओढू नका, त्याच्याविरुद्ध हाती काही नाही.

आणि ते झिजलेले टायर कुठे आहेत? ‘भंगारात टाकतो’ म्हणून गॅरेजवाल्याने ठेवून घेतले असतील तर आज संध्याकाळी आधी ते घरी आणा.