पुलाखालचे साबण

"ताई, पुलाखालच्या पोरांना साबण दिले, मास्क दिले, हात कसे धुवायचे ते करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर साबण विकलेले! यांना विचारून काय ठरवणार? आणि आधीच दमलेल्या जिवांवर ते आणखी ओझंच ना?"

साथीच्या कामात उतरलेले नवे कार्यकर्ते हे हमखास विचारतात. मी त्यांना २०२० चा एप्रिल सांगते.

लोकल बंद, सिग्नल ओस. मुंबईतल्या एका उड्डाणपुलाखाली गजरे विकणारी कुटुंबं अडकलेली. त्यातला अकरा-बारा वर्षांचा एक पोरगा, त्याला बाळू म्हणू. मीही वीस सेकंदांचा धडा देऊन मोकळी झाले होते. तो म्हणाला, "वीस सेकंदांत अर्धी बाटली जाते. मग प्यायचं काय?" पाणी यायचं शेजारच्या हॉटेलातून, ते बंद. साबण विकून त्याने बहिणीला बिस्किटं आणली होती. खरं सांगते, लाज वाटली.

मग खडू दिला. पोरांनी फरशीवर नकाशा काढला: पाणी कुठे, शौचालय कधी उघडतं, कुठला हवालदार हाकलतो, कुठला बाटली भरू देतो. शिवभोजन थाळी तेव्हा दहाची पाच रुपयांवर आली होती, पण केंद्राच्या वाटेवर नाकाबंदी आहे हे आम्हाला त्या नकाशातून कळलं. जेवण पुलाखालीच मागवलं. बुचाला सुईने भोक पाडून बारीक धारेत हात धुवायची युक्ती बाळूच्या बहिणीची.

राहिलं ओझं. ते तो आधीच वाहत होता. पोलीस उचलून नेतील, बहीण एकटी पडेल, म्हणून रात्रभर जागायचा. अशाला 'कणखर' म्हणून शाबासकी देणाऱ्यांचा मला राग येतो. 'झोप रे' म्हणून तो झोपला नसता. पहारा कसा वाटायचा, हे त्यालाच विचारलं. मोठ्यांनी पाळ्या घेतल्या, त्याने दहापर्यंतची ठेवली. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर त्याने खांबावर कोळशाने लिहिला.

तापाच्या माणसाजवळ किंवा शिधावाटपाच्या गर्दीत मात्र पोरांना पाठवायचं नाही, ते काम आपलं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं १२ वं कलम मुलांच्या मताला वजन द्या म्हणतं, आणि भारताने तो करार १९९२ सालीच स्वीकारलाय.

तिसऱ्या आठवड्यात बाळू तक्रार घेऊन आला, खिचडीत मीठ कमी असतं. मी तिथूनच स्वयंपाकघराला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यालाच बोलू दिलं.