आधी टाळ्या, मग पाय

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तुझ्या फ्लामेंको नृत्याची चित्रफीत मिळाली. कथकमुळे तुझे पाय तयार आहेत, यात शंका नाही; परंतु त्या पाच मिनिटांत गायक आपल्यापरीने गात होता आणि तू आपल्यापरीने नाचत होतीस, हे मला स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

स्पेनमधल्या सेव्हिलला पोहोचल्यावर पहिले काही महिने पायांऐवजी टाळ्या शीक. तिथे ‘पाल्मास’ म्हणजे दाद नव्हे, साथ. खणखणीत मोकळी टाळी वेगळी आणि गाण्याला झाकून न टाकणारी, तळव्यांच्या पोकळीतून निघणारी बंद टाळी वेगळी. सोलेआ या फ्लामेंको प्रकाराचे आवर्तन बारा मात्रांचे असल्यामुळे तुला एकताल आठवेल आणि नेमकी तिथेच तू फसशील. आपले कान पहिल्या मात्रेवरच्या समेची वाट पाहतात. सोलेआत वजन ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर येते, आणि वाक्य बहुधा दहाव्या मात्रेवर मिटते. नसलेली सम शोधण्यात माझी दोन वर्षे गेली.

गायक ओळ गात असताना पाय जवळजवळ शांत ठेवून हात, मनगटे आणि पाठ यांनी ती ओळ पेलायची, ओळ संपली की त्या फटीत पायांनी उत्तर द्यायचे, आणि नवे कडवे हवे असेल तेव्हा ‘यामादा’ने, म्हणजे ठरलेल्या पदन्यासाने, गायकाला बोलवायचे, अशी ही देवाणघेवाण आहे. ताब्लाओत, म्हणजे जिथे रोज रात्री कार्यक्रम होतात त्या छोट्या रंगमंचावर, पुरेशी तालीम न करता अनोळखी गायकाबरोबर उभे राहावे लागते, तेव्हा हीच भाषा उपयोगी पडते. पाठ केलेली रचना तिथे फार काळ टिकत नाही.

आपली शरीरयष्टी या नाचाला योग्य नाही, असे तू लिहिले आहेस. सेव्हिलमध्ये एन्रिके एल कोहो (१९१२–१९८५) नावाचे गुरू होते. ‘कोहो’ म्हणजे लंगडा, आणि ते खरोखरच लंगडे होते, शिवाय स्थूलही. मानुएला व्हार्गास आणि क्रिस्टिना ओयोस या नर्तकी त्यांच्याकडे शिकल्या. नर्तक अंतोनियो गादेस यांच्या संचात दीर्घकाळ नाचलेल्या ओयोस यांनी पुढे स्वतःचा संच काढला आणि २००६ मध्ये सेव्हिलमध्ये फ्लामेंको नृत्याचे संग्रहालय उभे केले. शरीराबद्दल याहून अधिक मला काही सांगायचे नाही.

शिकवणे ही निवृत्तीनंतरची सोय आहे, असे मात्र समजू नकोस. १९३५ मध्ये सेव्हिलच्या त्रियाना वस्तीत जन्मलेल्या नर्तकी मातिल्दे कोराल यांनी १९६७ मध्ये, ऐन बहरात असताना, त्याच वस्तीत आपली शाळा काढली. लांब शेपटाच्या झग्याचे, ‘बाता दे कोला’चे, तंत्र त्यांनी पिढ्यांच्या हाती दिले. तो जड घोळ पायाने नेमका मागे कसा टाकावा, हे नुसते पाहून समजत नाही. कोणीतरी मागे उभे राहून चूक दाखवावी लागते.

बुटांच्या टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले असतात, म्हणून फरशीवर सराव करू नकोस. लाकडी फळ्यांची जमीन मिळेपर्यंत थांब, नाहीतर गुडघे जातील.

पुढच्या पत्रासोबत नाचाची चित्रफीत नको. एखाद्या जुन्या सोलेआला तू दिलेल्या टाळ्यांचे ध्वनिमुद्रण पाठव, आणि गायक श्वास घेतो तिथे तुझी टाळी घाईला येते का, ते आधी स्वतः ऐक.

तुझी,
बाई