पहिला सॅक्सोफोन घेताना

बडोद्याच्या वाचकांकडून या महिन्यात सॅक्सोफोनबद्दल बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : हार्मोनियम थोडीफार येते. आता सॅक्सोफोन शिकायचा आहे. हातात ३० हजार आहेत. ऑनलाइन २२ हजारांत नवा आल्टो मिळतोय, सोबत पेटी, पट्टा, हातमोजे, रीड सगळं. घ्यावा का? की टेनर बरा? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आल्टोच घ्या, म्हणजे सोप्रानोपेक्षा मोठा आणि टेनरपेक्षा लहान सॅक्सोफोन. वजन अडीच किलोच्या आसपास असतं, चाव्या बोटांच्या टप्प्यात येतात, दमही टेनरइतका लागत नाही. कद्री गोपालनाथ यांनी आल्टोवरच आयुष्यभर कर्नाटक संगीत वाजवलं, त्यामुळे रागदारीसाठी तो अपुरा पडेल ही भीती नको. सोप्रानोच्या वाटेला सध्या जाऊ नका. लहान दिसतो म्हणून सोपा वाटतो, पण त्याचा सूर सांभाळणं नवशिक्याला फार जड जातं.

२२ हजारांचं ते नवं वाद्य मात्र घेऊ नका. सॅक्सोफोन म्हणजे वीसहून जास्त भोकं असलेली पितळी नळी. प्रत्येक भोकावर चामड्याचं पॅड बसतं. पॅड आणि भोकाची कड यांत केसाएवढी फट राहिली, तरी त्याखालचे सगळे स्वर बिघडतात. अगदी स्वस्त वाद्यांत भोकांच्या कडाच एका पातळीत नसतात, मग पॅड नीट बसणार कुठून? चाव्यांचं पितळही मऊ, थोड्या दाबाने वाकतं. कारागिराने आज जुळवून दिलं तरी दोन-चार महिन्यांत पुन्हा तेच. यात खरं नुकसान शिकणाऱ्याचं होतं. हवा गळते वाद्यातून आणि त्याला वाटतं, आपल्यालाच फुंकता येत नाही. कितीतरी जणांचं शिकणं एवढ्याच कारणाने सुटतं.

त्यापेक्षा चांगल्या नावाचं, विद्यार्थ्यांसाठी बनलेलं जुनं वाद्य शोधा. यामाहाचे वायएएस-२३, २७५ आणि २८० हे त्यातले भरवशाचे, ज्युपिटरचेही चालतील. नवा २८० लाखाच्या घरात जातो, म्हणून जुनाच बघायचा. ३० हजारांत बऱ्या अवस्थेतला लगेच मिळेलच असं नाही. तसं झालं तर काही महिने थांबून रक्कम वाढवा. नावाची नक्कल केलेली वाद्येही फिरतात. अनुक्रमांक नसेल, कोरलेली अक्षरं उथळ किंवा चुकीची असतील, तर तिथूनच परत फिरा.

ठरवलेल्या रकमेतले पाचेक हजार माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि रीड (त्यावर बसणारी वेताची पातळ पट्टी) यांसाठी बाजूला ठेवा. स्वस्त वाद्यासोबत येणारा माउथपीस हा बहुधा सगळ्यात वाईट भाग असतो. यामाहाचा ४सी नवशिक्याला उत्तम. रीड दीड किंवा दोन नंबरचं घ्या. कंपनी बदलली की नंबरचा अर्थही बदलतो: व्हॅन्डोरेनचं साधं निळ्या खोक्यातलं २ नंबर रिकोच्या २ पेक्षा कडक लागतं. हातमोजे कशालाच लागत नाहीत.

प्रश्न : मांडवीजवळ एका निवृत्त बँडवादकाकडे जुना आल्टो विकाऊ आहे. मला वाजवता येत नाही, मग तपासू कसा? – एक वाचक, वाडी

उत्तर : वाजवणारा माणूस सोबत न्याच. पण बरंचसं डोळ्यांनी आणि हातानेही कळतं.

आधी अनुक्रमांकाजवळ बघा. तिथे इंग्रजी एच किंवा एचपी कोरलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते जुन्या काळचं हाय पिच वाद्य. आजची वाद्यं ए हा पाश्चात्त्य स्वर ४४० हर्ट्झवर धरून जुळवतात, हे त्याहून स्पष्ट चढं लागतं. माउथपीस बाहेर ओढून एखादा स्वर जुळेल, बाकीचे बिघडतील. हार्मोनियम किंवा कीबोर्डसोबत ते कधीच बसणार नाही. एल किंवा एलपी असेल तर हरकत नाही. जुन्या बँडच्या वाद्यांत हा सापळा हमखास लक्षात ठेवायचा.

मग नेक, म्हणजे वरचा वाकडा भाग. तो काढून बाजूने बघा. वळणाच्या खालच्या अंगाला सुरकुत्या किंवा फुगवटा दिसला तर तो दाबाखाली वाकलेला आहे. परत बसवून स्क्रू आवळा आणि हलवून पाहा; डुगडुगला तर तिथूनच हवा जाते. बेलवरचा, म्हणजे पुढच्या रुंद तोंडावरचा पोचा दिसायला वाईट, पण आवाजाला फारसा बाधत नाही. नेकवरचा किंवा नळीच्या वरच्या भागातला छोटा पोचाही बाधतो. मुलामा उडालेला असेल तर भाव करायला चांगला मुद्दा; आवाजाशी त्याचा संबंध नाही.

आता पॅड. पतंगाच्या कागदाची अर्ध्या सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून न्या. ती पॅडखाली सरकवा, चावी हलकेच मिटा आणि पट्टी ओढा. ती किंचित अडली पाहिजे. एका पॅडला चारही बाजूंनी हे करायचं; जिथे पट्टी सुळकन निघते तिथे गळती. मिटताना जोर लावू नका, जोराने दाबलं की गळकं पॅडही मिटतं आणि दोष लपतो. अंधारी खोली मिळाली तर पाच व्होल्टची, यूएसबीवर चालणारी बारीक एलईडी पट्टी नळीत सोडा. मिटलेल्या पॅडच्या कडेने उजेड दिसता कामा नये. गणपतीच्या सजावटीची, थेट विजेवर चालणारी माळ मात्र यासाठी वापरू नका.

चावी दोन बोटांत धरून आडवी हलवा. खटखट वाजली तर दांड्या झिजल्या आहेत, आणि ते काम पॅड बदलण्यापेक्षा महाग पडतं. शेवटी सोबतच्या वादकाला मधल्या जीपासून सर्वांत खालच्या बी फ्लॅटपर्यंत एकेक स्वर हळू आवाजात वाजवायला सांगा. मोठ्याने फुंकलं की गळती झाकली जाते. पाच-सात पॅड बदलायची असतील तर घ्यायला हरकत नाही. सगळीच गेली असतील (आल्टोला पंचवीसच्या आसपास असतात) तर आधी कारागिराकडून खर्च विचारा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, सॅक्सोफोनचा हट्ट धरून बसली आहे. – एक पालक, रावपुरा

उत्तर : समोरचे वरचे दोन पक्के दात आले आहेत का, हे आधी बघा, माउथपीस त्यांच्यावरच टेकतो. मग दुकानात वाद्य गळ्यात घालून दोन्ही करंगळ्या त्यांच्या चाव्यांवर पोहोचतात का ते पाहा. पोहोचत असतील तर गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा घ्या. नसतील तर वर्षभर साधा प्लॅस्टिकचा रेकॉर्डर द्या. काही शे रुपयांत येतो, आणि भोकं मिटायची त्याची पद्धत पुढे सॅक्सोफोनवर बरीच कामाला येते.

प्रश्न : आल्टोवर सी वाजवला तर हार्मोनियमशी जुळत नाही. वाद्य बिघडलं आहे का? मी काळी एकमध्ये गातो. – एक वाचक, बाबाजीपुरा

उत्तर : वाद्य ठीक आहे. आल्टो ई फ्लॅटचं वाद्य, म्हणजे त्यावर सी वाजवला की प्रत्यक्षात ई फ्लॅट निघतो, त्यामुळे त्यावरचा सी हार्मोनियमवर काळी दोन लागतो. (टेनरचा सी लागतो काळी पाच.) पांढरी एकसाठी आल्टोवर ए धरा, काळी एकसाठी बी फ्लॅट. आल्टोचा सर्वांत खालचा स्वर, जो सगळी पॅड मिटून निघतो, तो बी फ्लॅटच आहे, म्हणजे तुमचा खर्जातला सा. मधल्या सप्तकातला सा डाव्या तर्जनीने बीची चावी आणि तिच्या लगतची छोटी चावी एकदम दाबून मिळतो. तिथून स्वर मोजायला लागा, जुळेल.

प्रश्न : वाद्य घेऊन तीन महिने झाले. खालचे स्वर गुळण्या केल्यासारखे थरथरतात, आणि जी शार्पची चावी चिकटते. – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आधी नुसता माउथपीस रीड लावून फुंका. मोबाइलच्या ट्यूनरवर ए दिसायला हवा. तो जमत नसेल तर दोष ओठांच्या पकडीत आहे. जमत असेल तर माउथपीस नेकच्या बुचावर पुरेसा आत आहे का बघा. फार बाहेर राहिला की सूर उतरतो आणि खालचे स्वर थरथरतात. वाद्यावर एफ शार्प वाजवून ट्यूनरवर ए दिसेपर्यंत तो आत-बाहेर करा.

एवढं करूनही थरथर राहिली तर संशय जी शार्पच्या पॅडवरच घ्या. डाव्या हाताची तीन बोटं आणि जी शार्पची चावी दाबून ठेवा, मग उजव्या तर्जनीने एफ दाबा. जी शार्पचं पॅड पूर्ण मिटलं पाहिजे. मिटत नसेल तर त्याच्यावरचा छोटा स्क्रू पाव फेरा आवळून पुन्हा तपासा. जास्त आवळलात तर एफचं पॅड मिटायचं बंद होतं, म्हणून पाव फेऱ्यापुढे एकदम जाऊ नका.

चिकटण्याचं कारण साधं आहे: हे पॅड एरवी मिटलेलंच असतं, त्यात चहाची साखर आणि फुंकीचा ओलावा. वाजवण्याआधी चूळ भरा. पॅडखाली पातळ कागद ठेवून चावी दोन-तीनदा हलकी दाबा, सोडा, कागद बदला. कागद दाबून ओढू नका, चामडं सोलतं. टाल्कम पावडर नको, ती ओलाव्यात लगदा होऊन बसते. वाजवून झाल्यावर दोरीला बांधलेलं कापड बेलमधून आत सोडून वरच्या तोंडाने ओढून घ्या, आणि पावसाळ्यात पेटीचं झाकण लगेच लावू नका.

एप्रिल-मेमध्ये वाद्य बंद गाडीत ठेवू नका. पॅड लाखेने चिकटवलेली असतात. उन्हात तापलेल्या गाडीत ती मऊ पडते, पॅड जागचं सरकतं आणि सगळी जुळवणी पुन्हा करावी लागते.