वारा सुटलेला क्वेसार रेडिओत मुका असतो का?

प्रश्न : सर, मी रावेरची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ज्या क्वेसारमधून वायू वेगाने बाहेर पडतो ते रेडिओ लहरींत शांत असतात, असं एका जुन्या पुस्तकात वाचलं. हे आजही धरून चालायचं का?

उत्तर : नाही पोरी, त्या वाक्यावर काट मार.

क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातलं प्रचंड कृष्णविवर आणि त्याच्यात पडता पडता तापून लखलखणारा वायू. त्यातला काही वायू उलटा बाहेर फेकला जातो, त्यालाच ‘वारा’ म्हणतात. तो आपल्या नजरेच्या वाटेत आला की वर्णपटात रुंद काळे पट्टे उमटतात, निळ्या बाजूला सरकलेले. वेग सेकंदाला हजारो किलोमीटर. काहींत तर प्रकाशाच्या वेगाचा दहावा हिस्सा! पण असे पट्टे शंभरातल्या दहा-वीस क्वेसारांतच दिसतात. बाकीच्यांचं काय?

तू रावेरची, म्हणजे केळीची बाग पाहिलेली आहेस. ओळीच्या तोंडाशी उभं राहिलं तर पार टोकाची विहीर दिसते. दोन पावलं बाजूला सरकलं की नुसती पानं. वारा सगळ्याच क्वेसारांत असेल, आपण कडेने बघतो तेव्हाच तो आडवा येतो, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. मलाही ते फार पटायचं.

मग अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने १९९३ पासून २० सेंटिमीटरच्या लहरींवर आकाश चाळायला घेतलं. १९९७ साली वारा असलेला आणि रेडिओतही जोरदार असा पहिला क्वेसार जाहीर झाला, पाठोपाठ आणखी सापडले. खरी गंमत पुढे आहे. रेडिओ झोत, म्हणजे कृष्णविवराजवळून सुटणारी रेडिओ लहरींची अरुंद धार, आपल्या रोखाने असेल तर छोट्या-मोठ्या सगळ्या लहरींवर तेज जवळपास सारखं राहतं. आडवा असेल तर लांब लहरींवर ते वाढतं. वारावाल्यांत दोन्ही तऱ्हा निघाल्या! नुसत्या कोनावर हिशेब बसेना. त्यातले बरेच रेडिओत आकाराने अगदी आटोपशीर दिसतात, म्हणून काही जण म्हणतात, हे तरुण क्वेसार असावेत, अंगावरचं धुळीचं पांघरूण झटकणारे.

२०१९ मध्ये लांब रेडिओ लहरी पकडणाऱ्या, युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तर असं दिसलं की पट्टे जितके ठळक, तितका क्वेसार रेडिओत सापडण्याचा संभव जास्त. कदाचित वाराच भोवतालच्या वायूवर आदळून रेडिओ लहरी उठवत असेल. माझा कल आता तिकडे झुकलाय.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अशाच लांब लहरी पकडतात. विज्ञान दिनाच्या सुमारास ते लोकांना पाहू देतात. वडिलांनाही सोबत घेऊन जा.