घुटी दिली, आता पाजू का नको?

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की बाई समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत टेकायच्या आधीच तो मला ऐकू येतो. एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत, पदरात बाळ आहे आणि अंगावर पाजायचं की नाही हे घरीदारी कुणाला विचारायची सोय नाही. त्यातल्याच एकीचं सांगते. नाव आणि तपशील बदललेत. तिला सविता म्हणू.

नवरा सोलापुरातल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात, सासू घरी विड्या वळणारी. आजाराचं फक्त नवरा-बायकोला माहीत. सविताच्या गोळ्या दिवस राहायच्या आधीपासून चालू होत्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला होता, बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून द्यायचं नेव्हिरापिनचं सिरपही वेळेवर. कागद बघितले तर काळजीचं काही नव्हतं. आणि ही समोर बसून ओला झालेला ब्लाउज पदराने झाकत होती. आदल्या दिवसापासून पाजलं नव्हतं. दूध साठून छाती दगडासारखी, अंगात कणकण.

"का थांबवलंस?"

"आत्यांनी घुटी दिली की ओ. मी आंघोळीला गेलते. जायफळ, वेखंड, मुरडशेंग, सगळं उगाळून. वर चमचाभर पाणी, ऊन लई म्हणून. तुम्हीच म्हटला होता, अंगावरचं आन वरचं एकत्र नको. आता माझं दूध बाधंल त्याला."

माणूस घटनेपेक्षा आपण तिला लावलेल्या अर्थाने जास्त घाबरतो, असं मी मानते. म्हणून माहितीपत्रक पुढे करण्याआधी तो अर्थ बोलता करते. त्यात वेळ जातो, पण नुसतं पत्रक घेऊन गेलेली बाई तीच भीती घेऊन परत येते, हे मी पाहिलंय.

"घुटी दिली, हे झालं. पण त्याने दूध बाधतं, हे कुणी सांगितलं?"

बराच वेळ गेला. "कुणी नाही. मलाच वाटलं."

"दुधातला विषाणू कशाने दबतो?"

"गोळीने."

"घुटीच्या दिवशी गोळी चुकली?"

"नाही ओ, घेतली की."

"मग दूध बदललं कुठे?"

ती काही बोलली नाही, पण पदर धरलेली मूठ सैल झाली.

वरचं देऊ नका, हा सल्ला खोटा नाही. वरच्या अन्नाने, पाण्याने कोवळ्या आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. आयांना एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या या गोळ्या, मिळत नव्हती तेव्हा हा धोका फार मोठा होता. पण आई रोज गोळी घेत असेल, तर वरचं काही दिलं गेलं म्हणून अंगावरचं तोडायचं कारण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट केलंय. घुटी बंद करायची, दूध नाही. उपचारच नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि दूध मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांपर्यंत संसर्ग पोचू शकतो. गोळ्या नियमित आणि व्हायरल लोड दबलेला असेल तर दुधातून होणारा संसर्ग शंभरात एकाच्याही खाली येतो. शून्य नाही, हेही मी सांगते. लपवलं की विश्वास जातो.

पण सविताचं खरं दुखणं पुढे आलं. "आत्यांना घुटी नको म्हटलं तर का म्हणून विचारतील. काय सांगू?"

मला वाटतं, पुष्कळ जणींचा प्रश्न हाच असतो. दुधाची भीती सांगता येते, घरातली सांगता येत नाही.

"तुमच्या गल्लीतल्या आशाताई बाळंतिणींना काय सांगतात?"

"सहा महिने पाणीपण नको म्हणतात."

"कुणाला?"

"सगळ्यांनाच की!" म्हणाली आणि थांबली. मग हसली. "म्हणजे शेजारच्या सुनेला पण हेच?"

हेच. सोलापूरच्या वैशाखातही हेच, कारण आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. तिच्यासाठी वेगळा नियम नव्हता, त्यामुळे लपवायलाही काही उरलं नाही. सासूला आशाताईंचं नाव सांगायचं, आणि ते खोटंही नाही. विश्वासाने सांगितलेला तुमचा आजार तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवा. असे प्रश्न मी सोडवून देत नाही, बाईलाच उत्तरापर्यंत जाऊ देते. थोडी फुशारकी वाटेल, पण सविता त्या दिवशी माझ्याच खोलीत, पडद्यामागे बसून पाजूनच घरी गेली.

डब्याचं दूध सुरक्षित म्हणून कुणी सांगेल. उकळलेलं पाणी, निर्जंतुक वाटी-चमचा, सहा महिने न तुटणारा पुरवठा, हे सगळं जमणार असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. 2006 च्या सुरुवातीला बोट्स्वानात पुरानंतर जुलाबाची साथ आली, तेव्हा दगावलेल्यांत डब्याच्या दुधावरची बाळंच जास्त होती.

स्तनाग्राला चीर पडून रक्त किंवा गळू होऊन पू आला तर त्या बाजूचं दूध पिळून टाका, दुसऱ्या बाजूने पाजा आणि लगेच दाखवा. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यात, टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब कागदावर घेऊन. मग सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. पहिली चांगली आली म्हणून पुढच्या सोडू नका. सहा महिन्यांनंतर मऊ खिचडी, वरण-भात सुरू करा आणि अंगावरचं किमान वर्षभर चालू ठेवा. तोडताना महिनाभर घेऊन हळूहळू तोडा. गोळ्या चुकल्या किंवा उलटून पडल्या तर त्याच दिवशी एआरटी केंद्रात कळवा. मनात शंका आली तर पाजणं थांबवायच्या आधी 1097 वर फोन करा. तो फुकट आहे.