मुंबई-न्यूयॉर्क अंतर एकच, मग जाताना १६ तास आणि येताना साडेचौदा का?

तुम्ही १२,५५० किलोमीटरला ताशी ९०० ने भागलंत, उत्तर १४ तास आलं, आणि तिकिटावर मात्र जाताना १६ तास दिसतायत. भागाकार बरोबर आहे, पण ९०० हा विमानाचा हवेतला वेग झाला. ती हवा स्वतःच पळत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात अटलांटिकवर कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. जाताना तो नाकावर येतो, येताना पाठीवर. पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो, असंही कुणीतरी सांगेल. पण हवाही तिच्यासोबतच फिरते, तेव्हा ते सोडून द्या. शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीच्या रांगेतला अर्धा तास त्यातच आला.

अंतर बघताना सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो मुंबईहून पश्चिमेला न जाता वायव्येला निघतो. सिंध, अफगाणिस्तान, पश्चिम कझाकस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड असा ६५ अंश उत्तरेपर्यंत चढून ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली उतरतो. या वाटेतली एखादी हवाई हद्द बंद झाली की वळसा आलाच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.

एखाद्या साइटवर ७,८०० किंवा ६,७७७ दिसलं तर घाबरू नका. तेच अंतर मैलांत आणि सागरी मैलांत आहे.

पोहोचण्याची वेळ अशी काढा. मंगळवारी पहाटे २ ला सुटलेलं विमान १६ तासांनी, म्हणजे आपल्या संध्याकाळी ६ ला पोहोचतं. हिवाळ्यात त्यातून साडेदहा तास वजा करा: तिथे मंगळवार सकाळचे ७:३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊच वजा करायचे, म्हणजे ८:३०. हा एक तास हमखास चुकतो आणि घ्यायला येणारा विमानतळावर ताटकळतो. परतताना उलट बेरीज: हिवाळ्यात सकाळी ११:३० ला निघालात तर साडेचौदा अधिक साडेदहा, म्हणजे मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०.

थांबा घेऊन गेलात तर किलोमीटर फारसे वाढत नाहीत: लंडनमार्गे साधारण २००, दुबईमार्गे ४००. वाढते ती मधली वाट बघण्याची वेळ. दोन तासांपेक्षा कमी थांबा असेल तर मी तरी ते तिकीट घेऊ नका म्हणेन, विशेषतः आईवडील एकटे जात असतील तर. न्यूयॉर्कहून पुढे डॅलस वगैरे गाठायचं असेल तर तीन तास तरी हवेत, कारण इमिग्रेशन न्यूयॉर्कलाच होतं आणि बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात.